सर्व्हर माळ्यावर, चावी कुणाकडं?

मागच्या अंकात मी सहज दोन ओळी लिहिल्या होत्या की माझे सगळे पासवर्ड घरातल्याच एका छोट्या कॉम्प्युटरवर असतात, कुठल्या कंपनीकडं नाहीत, तर त्या दोन ओळींवर एवढे मेसेज आले की बाकीचा लेख कुणी वाचला की नाही अशी शंका यायला लागली. त्यातले पाच प्रश्न घेतलेत. नावं कुणाचीच छापत नाही, पासवर्डबद्दल विचारणाऱ्याचं नाव छापणं काही बरं नव्हे.

प्रश्न: कोल्हापुरात राजारामपुरीत माझं टॅक्स कन्सल्टंटचं ऑफिस आहे, आम्ही पाच जण. दीडेकशे क्लायंटचे जीएसटी, इन्कम टॅक्स, पीएफ असे सगळे पासवर्ड एका एक्सेलमध्ये आहेत आणि ती एक्सेल ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत असते. गेल्या महिन्यात एक मुलगा सोडून गेला, त्यानं दोन गल्ल्या सोडून स्वतःचं ऑफिस टाकलं, तेव्हा माझे डोळे उघडले. स्वतःचा पासवर्ड सर्व्हर टाकावा म्हणतो. काय काय लागेल?

उत्तर: साहेब, सर्व्हरचं नंतर बघू, आधी त्या मुलाचं. त्याच्या फोनमध्ये ती एक्सेल आजही आहे, ग्रुपमधून काढलं म्हणून फाइल जात नाही. त्यामुळं दीडशेच्या दीडशे पासवर्ड बदलायला लागतील, दोन-तीन दिवस जातील, कंटाळा येईल, पण याला दुसरा इलाज नाही. मुलगा चांगला असेल हो, मी तो वाईट आहे असं म्हणत नाही, त्याचा फोन बसमध्ये हरवला तरी तुमचीच अडचण आहे.

आता सर्व्हर. बिटवॉर्डन नावाचा पासवर्ड मॅनेजर आहे, २०१६ पासून, ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड कुणालाही बघता येतो. फोनवर ॲप, ब्राउझरमध्ये एक्स्टेन्शन आणि मागं एक सर्व्हर जिथं सगळं साठतं. हा सर्व्हर कंपनीचा वापरता येतो नाहीतर आपला स्वतःचा टाकता येतो. कंपनीचं जे नेहमीचं सर्व्हरचं पॅकेज आहे ते जरा जड आहे, दहा-अकरा कंटेनर (म्हणजे डॉकर नावाच्या प्रोग्रामात चालणारे एकेक बंद डबे), मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस, २ जीबी रॅम तर कमीत कमी पाहिजे. म्हणून घरी किंवा छोट्या ऑफिसात लोक व्हॉल्टवॉर्डन टाकतात. हा बिटवॉर्डन कंपनीचा नाही बरं का, बाहेरच्या प्रोग्रामरनी रस्ट भाषेत लिहिलेला वेगळा सर्व्हर आहे, पण बिटवॉर्डनच्याच ॲपशी तो बोलतो. आधी त्याच्या नावातच बिटवॉर्डन होतं, लोकांची गल्लत व्हायला लागली म्हणून २०२१ मध्ये नाव बदललं. एकच कंटेनर, रॅम म्हणाल तर शंभरएक एमबीत काम भागतं, त्यामुळं रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा कॉम्प्युटर नाहीतर ऑफिसात पडलेला जुना लॅपटॉपसुद्धा पुरतो. लाइटबिलाची काळजी नको, पाच वॅटचं यंत्र चोवीस तास चाललं तर महिन्याला साडेतीन युनिटच्या आसपास होतात.

यात समजून घ्यायची गोष्ट एकच, की कुलूप तुमच्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवरच लागतं आणि सर्व्हरकडं बंद पेटी जाते. मास्टर पासवर्ड, म्हणजे बाकी सगळे उघडणारा तो एक पासवर्ड, सर्व्हरकडं जातच नाही, त्याच्यावरून किल्ली बनते, आणि ती बनवताना तोच हिशोब आता डिफॉल्टला ६ लाख वेळा फिरवला जातो, म्हणजे चोराला एकेक अंदाज करून बघायला वेळ लागावा. त्यामुळं उद्या कुणी तुमचा लॅपटॉप उचलून नेला तर त्याला पेट्या मिळतील, आतलं सोनं नाही. पण याची दुसरी बाजू अशी की मास्टर पासवर्ड विसरलात तर तुम्हीच सर्व्हरचे मालक असलात तरी तुम्हाला उघडता येणार नाही. फरगॉट पासवर्डचं बटण नाही, हिंट असते फक्त.

ऑफिससाठी यात ऑर्गनायझेशन नावाचा प्रकार आहे, त्यात कप्पे करायचे, जीएसटीचा वेगळा, पीएफचा वेगळा, आणि कुणाला कुठला कप्पा दिसावा ते ठरवायचं. प्रत्येकाचं लॉगिन स्वतःचं. सोडून गेला की काढून टाकायचं. पासवर्ड न दाखवता नुसता भरू द्यायचीही सोय आहे, पण तिच्यावर फार विसंबू नका, तो पडदा आहे, दार नाही, जरा हुशार पोरगं ब्राउझरमधून तो काढतंच. म्हणजे माणूस गेला की त्याला जे जे दिसत होतं ते बदलायचंच, फरक एवढाच की आता त्याला काय काय दिसत होतं याची यादी तुमच्याकडं असेल. आणि ओटीपी क्लायंटच्याच मोबाइलवर जाणार, शेठ फोन उचलत नाहीत हा प्रॉब्लेम कुठलाही सर्व्हर सोडवत नाही.

आता खरं सांगतो. ऑफिसच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी कोण घालतं? जर पटकन एका माणसाचं नाव तोंडात आलं तर सर्व्हर टाका, त्यालाच सांभाळायला द्या. आणि जर उत्तर "बघतंय की कोणतरी" असं असेल तर टाकू नका, बिटवॉर्डनचाच पैसे भरून प्लॅन घ्या आणि निवांत राहा. २० तारखेला जीएसटीचं थ्रीबी रिटर्न भरायची घाई, लाइट गेलेली, सर्व्हर बंद आणि ज्यानं तो बसवला तो मुलगा लग्नाला गडहिंग्लजला गेलेला, हे चित्र डोळ्यासमोर आणा आणि मग ठरवा.

प्रश्न: दादा, मी इंजिनिअरिंगला आहे, कसबा बावड्यात राहतो. जुन्या लॅपटॉपवर डॉकर टाकून व्हॉल्टवॉर्डन चालू केलंय. घरच्या वायफायवर पेज उघडतंय पण अकाउंट काढायला गेलं की एरर येतोय, आणि बाहेरून मोबाइल डेटावर तर उघडतच नाही. बाहेरून येणाऱ्याला लॅपटॉपकडं पाठवायला राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग पण केलं. तीन रात्री गेल्या.

उत्तर: भावा, तीनच गेल्या? माझ्या अकरा गेल्या होत्या.

तुझे दोन प्रॉब्लेम वेगवेगळे आहेत आणि तू ते एकत्र सोडवायला बघतोयस. पहिला, अकाउंट काढताना एरर येतोय तो एचटीटीपीएस, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरमधलं कुलूपबंद बोलणं, नाही म्हणून. कुलूप लावायचं काम ब्राउझर करतो म्हटलं ना वर, तर ब्राउझर ती कुलूपवाली सोय साध्या एचटीटीपीवर देतच नाही, फक्त त्याच मशिनवरून लोकलहोस्टनं उघडलं तर देतो. म्हणून पेज दिसतं आणि पुढं गाडी जात नाही. एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट पाहिजेच.

दुसरा. राउटरच्या पेजवर जा, वॅन आयपी (आयपी म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता) असं लिहिलेलं असतं तिथं काय आकडा आहे बघ, आणि मग गुगलवर माझा आयपी काय असं टाकून जो येतो तो बघ. दोन्ही वेगळे असतील, आणि राउटरवरचा आकडा १००.६४ ते १००.१२७ मधला कुठला असेल, तर तू सीजीनॅटच्या मागं आहेस. म्हणजे इंटरनेटवाल्यानं आयपी कमी आहेत म्हणून शंभर घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता दिलाय. अख्ख्या अपार्टमेंटला खाली एकच बेल आणि वॉचमनला तुझा फ्लॅट नंबरच माहीत नाही, असं समज. तू आपल्या फ्लॅटचं दार कितीही उघडं टाक, पाहुणा खालीच उभा राहणार. तुझं पोर्ट फॉरवर्डिंग बरोबर असेल, पण त्याच्यापर्यंत कुणी पोचतच नाही.

इंटरनेटवाल्याकडं स्टॅटिक आयपी, म्हणजे स्वतःचा कायमचा पत्ता, मागितला तर बरेच जण वेगळे पैसे घेऊन देतात. पण मी म्हणतो देऊ देत, तू घेऊ नकोस. पासवर्डचा सर्व्हर जगाला उघडा ठेवायची गरजच काय? तू आणि घरचे मिळून चार फोन. टेलस्केल टाक, वायरगार्ड नावाच्या कुलूपबंद जोडणीवर चालतं, घरगुती वापराला फुकटच्या प्लॅनमध्ये भागतं, लॅपटॉपवर आणि फोनवर दोन्हीकडं टाकायचं, मग ते दोघं जगात कुठंही असले तरी एकाच घरात असल्यासारखे बोलतात आणि राउटरला हात पण लावायला लागत नाही. त्यातच एचटीटीपीएस सर्टिफिकेटची सोय आहे, ती चालू केलीस की तुझा पहिला प्रॉब्लेम पण तिथंच संपतो. एक मात्र लक्षात ठेव, असं सर्टिफिकेट निघालं की मशिनचं नाव सार्वजनिक यादीत जातं, कुणीही वाचू शकतं, त्यामुळं लॅपटॉपला "घरचे-बँक-पासवर्ड" असलं नाव देऊ नकोस. माझ्या मशिनचं नाव भडंग आहे.

आणि तू लिहिलं नाहीस पण विचारतो, डेटाचं फोल्डर कंटेनरच्या बाहेर मॅप केलंयस ना? केलं नसशील तर ज्या दिवशी अपडेट म्हणून जुना कंटेनर उडवशील त्या दिवशी सगळे पासवर्ड पण त्याच्याबरोबर जातील. आधी ते बघ, बाकी सगळं नंतर. घरच्यांची अकाउंट काढून झाली की साइनअप्स अलाउड ही सेटिंग फॉल्स कर, म्हणजे परक्या कुणाला तिथं अकाउंट काढता येणार नाही. ॲडमिन पेज टोकन, म्हणजे त्याची वेगळी गुप्त चावी, दिल्याशिवाय चालू होत नाही, तुला ते रोज लागणार नाही तर देऊच नकोस. फोनच्या बॅटरी सेव्हरमधून टेलस्केल वगळ, नाहीतर काही कंपन्यांचे फोन ते मागच्या मागं मारून टाकतात आणि तू परत सर्व्हरला शिव्या घालशील. अपडेटचं सांगायचं तर फोनवरची ॲप प्ले स्टोअरमधून आपोआप नवीन होत जातात आणि सर्व्हर जुनाच राहिला की एक दिवस दोघांचं बोलणं बंद होतं, मग महिन्यातून एक रविवार त्याला द्यायचा.

लॅपटॉपचं झाकण मिटल्यावर झोपू नये अशी सेटिंग केलीच असशील. पण बॅटरीवर लक्ष ठेव, जुना लॅपटॉप वर्षभर चार्जरला लावून ठेवला की बॅटरी फुगते, टचपॅड वर उचलल्यासारखा दिसला की समजायचं, बॅटरी काढून टाकायची, हयगय करायची नाही.

प्रश्न: मास्टर पासवर्ड लक्षात राहील असा आणि अवघड पण असा कसा ठेवायचा? आमचा उद्यमनगरात कारखाना आहे, सध्या कारखान्याचं नाव, ॲट आणि १२३ असं आहे. मराठीत टाकला तर कुणाला कळणार नाही ना?

उत्तर: काका, तुमचा पासवर्ड आता या अंकाच्या सगळ्या वाचकांना कळला, आज संध्याकाळच्या आत बदला. रंकाळा, अंबाबाई, जन्मसाल, गाडीचा नंबर, हे कोल्हापुरात पहिल्या झटक्यात कुणीही टाकून बघेल.

सोपा उपाय आहे, एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले पाच शब्द. पण ते तुम्ही मनानं काढायचे नाहीत, मनानं काढले की भाकरी, रस्सा, मटण असेच येतात. फासे टाकून काढायचे. शब्दांच्या तयार याद्या असतात, ७७७६ शब्दांच्या, पाच फासे टाकले की जो आकडा येईल तो शब्द. असे पाच शब्द म्हणजे चांगलं दणकट कुलूप होतं. मराठी शब्दकोश घेऊन डोळे मिटून पान उघडलंत तरी इंग्रजी यादीइतकं नेमकं गणित जमणार नाही पण कारखान्याच्या नावापेक्षा कितीतरी बरं, तसं करणार असाल तर सहा-सात शब्द घ्या. मराठी शब्द जरूर वापरा, फक्त लिहा रोमन अक्षरांत. देवनागरीत नको, कारण एखादं नुक्त्याचं (खाली टिंब असलेलं) अक्षर किंवा जोडाक्षर एका कीबोर्डवर एका पद्धतीनं साठतं आणि दुसऱ्यावर दुसऱ्या, डोळ्याला दोन्ही सारखंच दिसतं, आणि कॉम्प्युटर म्हणतो चुकीचा पासवर्ड. बँकेच्या रांगेत उभं राहून हे कोडं सोडवायची वेळ येऊ नये.

प्रश्न: आम्ही शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या बाजूला. २०१९ ला आणि २०२१ ला दोन्ही वेळा तळमजल्यावर पाणी होतं. असा सर्व्हर घरात ठेवणं शहाणपणाचं आहे का? बॅकअप पेनड्राइव्हवर घेतला तर चालेल?

उत्तर: चालेल, पण पेनड्राइव्ह कुठं ठेवणार? माझ्या ओळखीत सगळ्यांचा बॅकअप सर्व्हरच्याच शेजारच्या ड्रॉवरमध्ये असतो. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटाची धोक्याची पातळी ओलांडली की तुम्ही कागदपत्रं वर नेता, जनावरं असतील तर हलवता, तेव्हा राउटरच्या मागं चिकटवलेल्या त्या डबीची आठवण कुणाला येते सांगा. सर्व्हर पहिल्या मजल्यावर किंवा माळ्यावर ठेवा, हे झालं. पण खरी गोष्ट ही की सर्व्हर बुडाला तरी फरक पडू नये. बॅकअप मात्र दुसऱ्या घरात पाहिजे, आणि दुसरं घर म्हणजे त्याच गल्लीतलं नव्हे, उंचावरचं, उजळाईवाडीला मेव्हणा असेल तर त्याच्याकडं, नाहीतर पुण्याला मुलगी असेल तर तिच्याकडं. शिवाय एक कॉपी ऑनलाइन ड्राइव्हवर टाकली तर उत्तम, फक्त ती टाकायच्या आधी तिला वेगळा पासवर्ड लावून कुलूपबंद करायची. आतल्या नोंदी मुळातच कुलपात असतात हे खरं, पण ईमेल पत्ते आणि काही बारीकसारीक माहिती उघडी असते.

आता माझी फजिती ऐका, पुराशिवाय झालेली. माझ्या रास्पबेरी पायला एक यूएसबी हार्डडिस्क लावलेली, रोज रात्री दोन वाजता बॅकअप तिच्यावर जायचा. सात महिने रोज सकाळी मेल यायचा, बॅकअप यशस्वी. मी खूश. एके दिवशी लाइट गेली-आली, गेली-आली, असं चार वेळा झालं आणि पायचं मेमरी कार्ड मेलं. म्हटलं काय हरकत नाही, हार्डडिस्क आहे की. ती लॅपटॉपला जोडली तर शेवटची फाइल सात महिन्यांपूर्वीची. झालं असं होतं की मधे कधीतरी झाडताना डिस्कची वायर हलली, डिस्क सुटली, पण ज्या फोल्डरवर ती जोडलेली होती ते रिकामं फोल्डर मेमरी कार्डावर होतंच, मग बॅकअप गुपचूप त्या फोल्डरमध्ये पडत राहिला, म्हणजे ज्या कार्डाचा बॅकअप त्याच कार्डावर. बॅकअप घेणारी स्क्रिप्ट काही खोटं बोलत नव्हती, तिला फोल्डर दिसत होतं, फाइल लिहिली जात होती, तिनं यशस्वी म्हणून सांगितलं.

वाचवलं ते फोननं. बिटवॉर्डनचं ॲप सगळ्या नोंदींची एक कुलूपबंद कॉपी फोनमध्ये ठेवतं, त्यामुळं सर्व्हर मेला तरी वाचता येतं. पण चुकून लॉगआउट झालं की ती कॉपी पुसली जाते. म्हणून पहिलं काम काय केलं तर फोन एअरप्लेन मोडवर टाकला, की ॲपनं उगाच सर्व्हर शोधायला जाऊ नये आणि काही उलटसुलट उत्तर ऐकून मला बाहेर काढू नये. मग रात्री जेवणानंतर बसलो, एका हातात फोन, समोर लॅपटॉप, आणि १४० नोंदी एकेक करून टाइप केल्या. वीस-वीस अक्षरांचे, मधे डॉलर आणि पर्सेंट असलेले. पहाटेचं दूध आलं तेव्हा ११२ वर होतो.

तेव्हापासून माझी स्क्रिप्ट आधी डिस्क खरंच जोडलेली आहे का ते बघते, नसली तर थांबते आणि बोंब मारते. तुम्ही करताना आणखी एक बघा, व्हॉल्टवॉर्डन नेहमीच्या सेटिंगमध्ये एस्क्यूलाइटचा डेटाबेस वापरतं आणि तो चालू असताना नुसती फाइल कॉपी केली तर ताज्या नोंदी शेजारच्या दुसऱ्याच फाइलीत राहिलेल्या असू शकतात, कॉपी अर्धवट निघते. एस्क्यूलाइटची बॅकअप कमांड वापरा, व्हॉल्टवॉर्डनच्या नव्या व्हर्जनमध्ये स्वतःची पण आहे, नाहीतर सरळ दोन मिनिटं कंटेनर बंद करून कॉपी घ्या, रात्री दोन वाजता कुणाचं काय अडतंय. अटॅचमेंटचं फोल्डर आणि कॉन्फिगची फाइल बरोबर घ्या. आणि तीन-चार महिन्यांतून एकदा तो बॅकअप दुसऱ्या लॅपटॉपवर चढवून, मागच्या आठवड्यात टाकलेली एखादी नोंद त्यात दिसते का ते बघा. यशस्वी असा मेल आला म्हणून गप्प बसू नका, मी सात महिने बसलो होतो.

प्रश्न: मी शाळेत शिक्षिका आहे, नागाळा पार्कात राहतो आम्ही. आमच्या ह्यांनी माळ्यावर तुमच्यासारखाच सर्व्हर बसवलाय, बँक, एलआयसी, गॅस, मुलांच्या शाळेचं, सगळं त्यातच. हे सोमवार ते शुक्रवार पुण्याला असतात. मागच्या पंधरवड्यात ते यंत्र बंद पडलं, मी नवीन पासवर्ड सेव्ह करायला गेले तर होईना, ह्यांना फोन केला तर म्हणाले वर चढून लाल दिवा लागलाय का बघ. मी साडी नेसून शाळेला निघालेली. मला त्यातलं काही कळत नाही आणि सारखं मनात येतं की उद्या काही झालंच तर काय करायचं. विचारलं तर हे हसण्यावारी नेतात.

उत्तर: ताई, बाकीच्या चार प्रश्नांपेक्षा तुमचा प्रश्न मोठा आहे आणि तो खरं तर त्यांनी मला विचारायला पाहिजे होता. हे पान त्यांच्यासमोर ठेवा.

आधी तुमच्यापुरतं. सर्व्हर बंद असला तरी तुमच्या फोनमधल्या नोंदी दिसतात, फक्त नवीन सेव्ह होत नाही. तेव्हा घाबरायचं नाही, लॉगआउट करायचं नाही, नवीन पासवर्ड तेवढा कागदावर लिहून ठेवायचा आणि शाळेला जायचं. माळ्यावर चढायचं नाही.

आता दादांसाठी. ह्या प्रोग्रामात इमर्जन्सी ॲक्सेस म्हणून सोय आहे, आपण एखाद्या माणसाला नेमायचं, त्यानं मागणी केली आणि आपण ठरवलेल्या दिवसांत नाही म्हटलं नाही तर त्याला आपली तिजोरी उघडते. चांगली सोय आहे, करून ठेवा. पण ती सर्व्हर चालू असेल तरच चालते. तुम्ही नसताना तो सर्व्हर किती दिवस चालेल हो? इंटरनेटचं बिल तुमच्या खात्यातून जातं, रिचार्जचा ओटीपी तुमच्या फोनवर येतो, आणि माळ्यावरची डबी रीस्टार्ट कशी करायची ते एकट्या तुम्हालाच माहिती. मुदत संपायच्या आधी सर्व्हरच संपला तर त्या सोयीचा काय उपयोग.

म्हणून कागदच. एक लिफाफा, आत हातानं लिहिलेलं: मास्टर पासवर्ड, टू-फॅक्टरचा (पासवर्डनंतरच्या दुसऱ्या तपासणीचा) रिकव्हरी कोड, फोनचा पिन, आणि बॅकअप कुठं आहे व त्याला वेगळा पासवर्ड असेल तर तो. लिफाफा बँकेच्या लॉकरमध्ये, आणि लॉकर दोघांच्या नावावर पाहिजे हे मुद्दाम लिहितो, कारण मी एका घरी बघितलंय, सगळं लॉकरमध्ये व्यवस्थित आणि लॉकर फक्त गेलेल्या माणसाच्या नावावर.

त्या लिफाफ्यात एक पेनड्राइव्ह पण टाका, त्यावर तिजोरीची एक्सपोर्ट केलेली फाइल. पण एक्सपोर्ट करताना नीट बघा, कुलूपबंद एक्सपोर्टचे दोन प्रकार आहेत. एक त्याच अकाउंटला बांधलेला असतो, तो फक्त त्याच अकाउंटमध्ये परत चढतो, म्हणजे सर्व्हर गेला, अकाउंट गेलं, की ती फाइल शोभेची. दुसरा पासवर्ड लावून केलेला, तो कुठल्याही बिटवॉर्डन अकाउंटमध्ये चढतो, अगदी कंपनीच्या फुकट अकाउंटमध्ये सुद्धा. तुम्हाला दुसरा पाहिजे. फाइलचा पासवर्ड त्याच कागदावर. मग ताईंना माळा, डॉकर, लाल दिवा यातलं काही माहिती असायची गरज राहत नाही, भाच्याला नाहीतर शेजारच्या पोराला बोलावून अर्ध्या तासात सगळं कंपनीच्या सर्व्हरवर नेता येतं, आणि खरं सांगायचं तर तुमच्यानंतर ते तिथंच राहिलेलं बरं. तुमची हौस त्यांनी का चालवायची?

बँक आणि एलआयसीच्या नॉमिनीचं काम यानं होत नाही, ते वेगळं करायचं असतं, पासवर्ड हातात असला म्हणून दुसऱ्याच्या खात्यात शिरून पैसे काढायचे नसतात. हा लिफाफा कुठं काय आहे ते कळण्यासाठी.

लिफाफा केला की त्याची परीक्षा घ्या. आमच्या घरी आम्ही एका रविवारी घेतली. बायकोला म्हटलं हा कागद, हा रिकामा लॅपटॉप, मी घरात नाही असं समज, आणि मी खरंच उठून कोपऱ्यावर चहाला गेलो. अर्ध्या तासानं फोन आला. म्हणाली पाचपैकी तिसरा शब्द लागेना, इथं यू आहे का व्ही आहे, आणि शेवटचा आकडा एक आहे का सात, तुझं अक्षर डॉक्टरला पण वाचता येणार नाही. मी वर आलो, तिनं माझा कागद फाडला आणि दुसरा स्वतःच्या अक्षरात लिहून काढला. आता लॉकरमध्ये तोच आहे, वर तारीख घालून, आणि मास्टर पासवर्ड बदलायचा झाला तर आधी तिला विचारायला लागतं.